पँथर घेतला, केमिस्ट राहून गेले

1972 म्हटलं की आपल्याला दलित पँथर आठवते. नाव आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्याच वर्षी अमेरिकेत कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ आणि केमिकल इंजिनिअर यांनीही स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. ती बातमी आपल्या वस्तीत आलीच नाही.

या संघटनेने 1979 साली पर्सी ज्युलियन यांच्या नावाचा पुरस्कार विल्यम लेस्टर यांना दिला. ज्युलियन हे मोठे रसायनशास्त्रज्ञ. शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये घर घेतलं म्हणून 1950 साली त्यांच्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला, पुढच्या वर्षी डायनामाइट फेकलं. विद्वान झालं की जात सुटते म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

लेस्टर 1937 साली शिकागोत जन्मले. तेव्हा तिथे घराच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असायचं की हे घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही. शिकागो विद्यापीठाचंही या करारांना पाठबळ होतं. लेस्टर शाळेत टायपिंग शिकले आणि त्याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात टायपिंगचं काम करू लागले. पुढे तिथूनच 1958 ला बी.एस. आणि 1959 ला एम.एस. झाले.

आता मेरिटवाले म्हणतील, बघा, टायपिस्ट पोरगा शास्त्रज्ञ झाला, कुठे लागल्या सवलती? मी हे उलटं वाचते. बुद्धी त्या पोराकडे आधीपासूनच होती. नव्हता तो फक्त त्या खोलीत प्रवेश, आणि तो मिळाला कारकुनी कामाच्या दारातून. जी पोरं त्या दारापर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांचं मेरिट कोणी मोजलं?

लेस्टर यांचं काम काय? मी समाजशास्त्राची, त्यामुळे जेवढं कळलं तेवढं सांगते. रेणूमधले इलेक्ट्रॉन कसे वागतात याचं समीकरण माहीत आहे, पण इलेक्ट्रॉन वाढले की ते अचूक सोडवता येत नाही. मग संगणकाला लाखो वेळा फासे टाकायला लावायचे आणि त्या सरासरीतून रेणूची ऊर्जा काढायची. हे क्वांटम माँटे कार्लो. रेनॉल्ड्स, सेपर्ली आणि आल्डर यांच्यासोबत 1982 साली त्यांनी रेणूंसाठी ही पद्धत मांडणारा जो निबंध लिहिला, तो या विषयाच्या पायात आहे.

परीक्षानळीही न लागणारं, निव्वळ डोक्याचं शास्त्र! पण त्यालाही संगणक लागतो, आणि संगणकाला पैसा. 1964 ला पीएच.डी. झाल्यावर लेस्टर विस्कॉन्सिनला गेले, मग दहा वर्षं आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत, मग 1978 ते 81 बर्कलीच्या राष्ट्रीय रसायन-संगणन केंद्राचे संचालक, नंतर तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक. प्रत्येक टप्प्यावर हाताशी यंत्र होतं, संस्था होती. मेरिट हवेत वाढत नाही.

आता आपल्याकडे या. 2019 साली केंद्राने केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकपदांच्या आरक्षणाचा कायदा केला. आपण टाळ्या वाजवल्या. त्याचं कलम 4 किती जणांनी वाचलं? परिशिष्टातल्या 'उत्कृष्ट' संस्थांना त्यातून सूट आहे. यादीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. म्हणजे जिथे संगणक, पैसा आणि प्रतिष्ठा, नेमकं तिथेच आपल्याला दार बंद. उत्कृष्टता आणि आपण एकत्र नांदू शकत नाही, असं हा कायदा कोणतीही शिवी न देता सांगतो.

सरकारला बोलून झालं, आता स्वतःला. मुलगी म्हणाली की एम.एस्सी. केमिस्ट्री करून संशोधन करायचंय, तर आपणच म्हणतो, त्यापेक्षा एमपीएससी दे. ती तरीही गेली, तर प्रयोगशाळेत एकटी पडते. गाइड महिनोन्महिने प्रबंधाचं प्रकरण उघडत नाही, तेव्हा तिने फोन कोणाला करायचा? रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखं विज्ञानलेखन करायचं होतं. तो गेल्यावर आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवं होतं. पण तो जिवंत असताना त्याच्यासारख्यांना बांधून ठेवणारी विज्ञानातली संघटना आपल्याकडे कुठे होती?

आमच्या विहारात दर रविवारी वंदनेला येणाऱ्यांत सायन्सची किती पोरं आहेत, कोण पीएच.डी. करतंय, याची साधी वहीसुद्धा नाही. 14 एप्रिलच्या बैठकीत डीजेच्या वर्गणीचा विषय निघेल, तेव्हा मी आधी ती वही मागणार आहे.