पियानो काय कुणाच्या बापाचा आहे?

आम्ही पियानोच्या मैफलींना जातो असे सांगितले की दोन प्रकारचे लोक हसतात. पहिले आपलेच. "चळवळ सोडून हे काय साहेबी चोचले लावलेत?" हा त्यांचा प्रश्न. दुसरे सभागृहात भेटतात. ते तोंडाने काही बोलत नाहीत. आधी तिकिटाकडे बघतात, मग बुटांकडे बघतात. मुंबईतल्या एका सभागृहाच्या दारात आमच्यातल्या दोघांना रखवालदाराने विचारले होते, "कुठल्या साहेबांचे ड्रायव्हर? ड्रायव्हर लोकांनी बाहेर थांबायचं." त्या रखवालदारावर आमचा राग नाही. त्याला शिकवले तेच तो बोलत होता, आणि कोण जाणे, तोही आपल्याच वस्तीतला असेल. पण या दोन्ही हसण्यांमागे गृहीत एकच आहे आणि आमचे भांडण त्या गृहीताशी आहे. हे संगीत तुमचे नाही, तुम्हाला ते कळणार नाही, आणि आवडले असे म्हणत असाल तर तुम्ही ढोंग करता आहात.

डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस हे नाव आंबेडकरी तरुणांना माहीत आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला आहे हे कळल्यावर बाबासाहेबांनी 1946 साली त्याची प्रत मागणारे पत्र त्यांनाच लिहिले होते. या ड्यु बॉइस यांच्या 1903 सालच्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात बाकी सगळे निबंध आहेत आणि एकच कथा आहे. दक्षिणेतला जॉन नावाचा काळा मुलगा शिकतो, न्यू यॉर्कला येतो, गर्दीमागोमाग चालत एका भव्य नाट्यगृहाच्या खिडकीशी पोचतो आणि पाच डॉलर देऊन तिकीट घेतो. आत वाग्नरच्या 'लोहेनग्रिन'चे सूर सुरू होतात आणि जॉन स्वतःला विसरतो. तेवढ्यात खांद्यावर हात पडतो. शेजारच्या गोऱ्याने तक्रार केलेली असते. व्यवस्थापक फार नम्रपणे सांगतो की हे आसन चुकून दोनदा विकले गेले, पैसे परत मिळतील. तक्रार करणारा गोरा म्हणजे लहानपणी जॉनसोबत खेळलेला मुलगा.

ही कथा वाचताना आम्हाला चवदार तळे आठवते. पाण्यावर गुरांचा हक्क होता, माणसांचा नव्हता. इथे सुरांवर पाच डॉलर दिलेल्या माणसाचाही हक्क नाही. ऐकणे ही निष्पाप गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या व्यवस्थापकाची नम्रता नीट पाहावी. आपल्याकडचे घरमालक घर नाकारताना असेच नम्र असतात.

कथा झाली, आता घडलेली गोष्ट. युनिस वेमन 1933 साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ट्रायॉन गावात जन्मली. आई धर्मोपदेशक आणि गोऱ्यांच्या घरी काम करणारी. मुलीची बोटे पाहून गावातल्या एका गोऱ्या शिक्षिकेने तिला बाख शिकवला आणि पुढच्या शिक्षणासाठी गावात निधीही उभा केला. अकरा-बारा वर्षांची असताना तिचा जाहीर कार्यक्रम ठरला. आईवडील मुलीची बोटे दिसावीत म्हणून पुढच्या रांगेत बसले होते. गोऱ्या पाहुण्यांसाठी त्यांना उठवून मागे पाठवले गेले. मुलगी पियानोशी उभी राहिली आणि म्हणाली, आईबाबा पुढे बसणार नसतील तर मी वाजवणार नाही. त्यांना परत पुढे आणावे लागले. त्यानंतर ती वाजवायला बसली.

हीच मुलगी पुढे नीना सिमोन झाली. तिला अमेरिकेतली पहिली काळी शास्त्रीय पियानोवादक व्हायचे होते. 1951 साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने तिला प्रवेश नाकारला. रंगामुळे नाकारला असे ती आयुष्यभर म्हणत राहिली. संस्थेने ते कधी मान्य केले नाही. (गुणवत्ता हा शब्द आपल्या मुलांनी किती मुलाखतींत ऐकला आहे!) मग ती दारूच्या गुत्त्यात वाजवू लागली आणि धर्मोपदेशक आईला कळू नये म्हणून तिने नाव बदलले. 12 एप्रिल 1963 रोजी ती न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होती, त्याच दिवशी बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. ती कार्नेगीत पोचली होती, पण तिथे वाजवायचा होता तो बाख नव्हे, ही खंत तिने सोडली नाही. 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' हे तिचे प्रेमगीत ऐका. मध्येच ती गाणे थांबवते आणि पियानोवर बाखच्या धाटणीचे एकमेकांत गुंतत जाणारे स्वर विणते. दार बंद केले तरी ती खिडकीतून आत शिरली होती. कर्टिसने तिला सन्माननीय पदवी दिली ती 2003 साली, तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी.

हेझल स्कॉटचे उदाहरण याहून रोखठोक आहे. त्रिनिदादमध्ये जन्मलेली ही पियानोवादक शास्त्रीय आणि जॅझ दोन्ही वाजवायची. श्रोत्यांना रंगानुसार वेगळे बसवले तर वाजवणार नाही अशी अटच ती करारात घालायची. 1948 साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला तिने सभागृहात काळ्यांची वेगळी रांग पाहिली आणि ती न वाजवता निघून गेली. म्हणजे मैफल कोण वाजवतो एवढ्यावर होत नाही. कोण कुठे बसून ऐकतो, हाही मैफलीचाच भाग आहे. आम्ही खुर्चीबद्दल एवढे बोलतो ते यासाठी.

आता आपल्या माणसांच्या हसण्याकडे येऊ. हे युरोपातल्या सरदार-दरकदारांचे संगीत आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? सरदारांनी ते पोसले हे खरे. पण ते कुणी घडवले? हायडन एस्टरहाझी घराण्याच्या चाकरांचा गणवेश घालून काम करत होता. मोझार्टला साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या पदरी असताना जेवायला नोकरांच्या आणि स्वयंपाक्यांच्या मेजावर बसवत, हे त्याने स्वतः वडिलांना कळवले आहे. 1781 साली त्याने चाकरी सोडली तेव्हा आर्चबिशपच्या एका सरदाराने त्याला अक्षरशः लाथ मारून बाहेर काढले. ज्यांची हलगी आणि सनई देवळाच्या दारात वाजली आणि जे स्वतः मात्र पायरीखालीच राहिले, त्यांच्या नातवंडांना ही गोष्ट परकी वाटू नये. पंक्तिभेद आपण ओळखतो.

तरी हे संगीत आम्ही डोक्यावर घेऊन नाचत नाही. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताच्या असत. ते हस्तिदंत पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून गुलामांच्या खांद्यावरून झांझिबारच्या बाजारात यायचे, आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात त्याचे पियानोचे पट्टे कापले जायचे. त्या गोऱ्या दिवाणखान्यांतल्या सुरांखाली ही प्रेते आहेत. हे माहीत असताना ऐकायचे. ताजमहाल पाहताना मजूर आठवतात म्हणून आपण डोळे मिटून घेत नाही.

"अत्याचाराच्या बातम्या थांबत नाहीत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तुम्ही पियानो ऐकता?" या प्रश्नाला आमचे उत्तर बाबासाहेबांच्या 1945 सालच्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' या ग्रंथात आहे. गांधीवादावरचे प्रकरण काढून वाचा. पशू आणि माणूस यांत फरक कशाचा, असा मुद्दा बाबासाहेब तिथे मांडतात. नुसते जगण्यापलीकडे सुसंस्कृत आयुष्य जगता येणे, हा तो फरक. त्यासाठी फुरसत हवी, आणि राबणाऱ्या माणसाला फुरसत मिळायची तर यंत्र हवे. चरख्याकडे परत चला म्हणणारे गरिबाची फुरसत हिरावून घेतात, असा त्यांचा आरोप होता. फुरसत हे बक्षीस नाही, लढा संपल्यावर मिळणारी सुट्टीही नाही. ती लढ्याचीच एक मागणी आहे. गंमत अशी की पियानो स्वतःच यंत्र आहे. ओतीव लोखंडाची चौकट, दोनशेहून अधिक तारा, हजारो सुटे भाग. कारखान्यांनी तो घडवला म्हणून तो राजवाड्यांबाहेर मध्यमवर्गाच्या घरात आला. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांना कुणी विचारले असेल का, घटना लिहायची सोडून हे काय?

प्रत्यक्ष जाऊन का ऐकायचे, मोबाइलवर सगळे आहेच की. आहे, आणि आम्हीही बसमध्ये तेच ऐकतो. पण मैफलीत माइक नसतो, ध्वनिवर्धक नसतो. हातोडी तारेवर पडते आणि तोच आवाज लाकडातून, हवेतून थेट तुमच्या कानात येतो. पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून मरू लागतो. सारंगीसारखा तो ताणता येत नाही, मींड घेता येत नाही. एक स्वर विझायच्या आत दुसरा त्याच्या हातात हात देतो आणि पायाखालचे पेडल त्यांना एकत्र धरून ठेवते. समोर बसल्यावर हे दिसते. वादकाचा श्वास ऐकू येतो, पेडल उचलल्याचा बारीक आवाज येतो. (बाराही स्वरांतली अंतरे इथे सारखी केलेली असतात. त्यावरून समतेचे रूपक करायचा मोह आम्ही आवरतो.)

बीथोवनचा शेवटचा, 32वा सोनाटा 1822 सालचा आहे. त्याचे भाग दोनच. पहिला आदळआपट करणारा. दुसरा अगदी साध्या धुनेने सुरू होतो, मग ती धून एकेक वेश बदलत जाते. मध्ये एके ठिकाणी ती अशी उसळते की शंभर वर्षांनी येणाऱ्या जॅझची आठवण यावी. शेवटी वरच्या पट्टीत स्वर थरथरत राहतात आणि सगळे हळूच थांबते. आम्ही तो प्रत्यक्ष ऐकला तेव्हा नंतर कितीतरी वेळ कुणी हलले नाही. डीजेच्या भिंतीपुढे 14 एप्रिलला छाती हादरते, तोही आनंद आहे आणि आम्ही त्यात नाचलो आहोत. पण शेकडो माणसे आपणहून गप्प बसली आहेत आणि त्यांच्यात आपणही आहोत, हा अनुभव आपल्या वस्त्यांना कुणी दिलेला नाही. आपल्या वाट्याला आलेली शांतता नेहमी पोलीस बंदोबस्ताची.

राहिला प्रश्न चाहते होण्याचा. आम्ही चाहते झालो आहोत हे लाजून सांगायचे कारण नाही. एकट्याने पूर्ण मैफल वाजवायची पद्धत फ्रान्झ लिस्टने 1840 च्या सुमारास रूढ केली. लोक त्याचे हातमोजे मिळवायला भांडत. कवी हाइनेने 1844 साली या वेडाला लिस्टोमॅनिया असे नावच दिले. म्हणजे या गंभीर सभागृहांचे पूर्वज आपल्या सिनेमाच्या चाहत्यांपेक्षा काही सोवळे नव्हते. पण चाहता आणि भक्त यांत अंतर ठेवा. रानडे, गांधी आणि जिना यांच्यावरच्या 1943 सालच्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार सांगितले. मनापासून कौतुक करणे वेगळे, आणि त्या माणसाच्या आज्ञेत राहणे वेगळे. चाहता वादकाला म्हणू शकतो, आज तुमचा शोपँ फिका होता. भक्ताला ते जमत नाही. आमच्यात मॉरिझिओ पोलिनीचे चाहते आहेत, कारण 1960 साली अठराव्या वर्षी वॉर्सात शोपँ स्पर्धा जिंकलेला हा माणूस सत्तरच्या दशकात क्लाउदिओ अबादोबरोबर इटलीतल्या कामगारांसाठी कारखान्यांत वाजवायला गेला. आणि आमच्यातच असेही आहेत ज्यांना त्याचे वादन कोरडे वाटते. वाद चालू आहे.

टाळीचे काय? सोनाट्याच्या दोन भागांमध्ये टाळी वाजवली की माना वळतात आणि नवखा माणूस उघडा पडतो. पहिल्यांदा आलेल्या आमच्या एका मैत्रिणीने पहिला भाग संपल्यावर कडकडून टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी तिच्याकडे असे पाहिले की जणू विटाळ झाला. त्या बाईंना इतिहास माहीत नसावा. 1778 साली पॅरिसमध्ये आपली सिंफनी चालू असतानाच, मध्येच, लोकांनी टाळ्या वाजवल्या याचा मोझार्टला केवढा आनंद झाला होता! गप्प बसायचा नियम फार नंतरचा आहे. नियम म्हणून पाळा, शेजाऱ्याला ऐकू द्या. सोवळे म्हणून पाळू नका.

आणि हो, यासाठी वामनदादा सोडायचे नाहीत. भीमराव कर्डकांच्या जलशांनी माणसे उभी केली, पियानोने आपल्याकडे कुणाला उभे केलेले नाही. कुणाला काय आवडावे याची वाटणी जातीने करायची, एवढेच आम्हाला मान्य नाही. जलसा तुमचा आणि सोनाटा आमचा, ही वाटणी प्रेमाने केली तरी ती वाटणीच.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत, गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होतात. आमची मागणी साधी आहे. अशा सभागृहांनी प्रत्येक मैफलीच्या काही जागा समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या मुलामुलींसाठी ठेवाव्यात, आणि त्या शेवटच्या रांगेत नकोत. डाव्या बाजूला, जिथून वादकाची बोटे दिसतात, तिथे हव्यात. तसे निवेदन आम्ही लिहीत आहोत. ज्यांना त्यावर सही करायची आहे त्यांनी करावी. तोवर ज्यांना यायचे आहे त्यांनी आमच्याबरोबर यावे. परतीची लोकल चुकणार नाही एवढी काळजी आम्ही घेतो.