गैरहजर बाईचे मत दुकानदाराला कसे?

एखाद्या गावात आडव्या बाटलीचे मतदान लागले की शहाण्यासुरत्या मंडळींचा ठरलेला सूर सुरू होतो. दारूबंदी आजवर कुठे टिकली आहे? दुकान बंद झाले की हातभट्टी पेटणार. सरकारचा महसूल बुडणार. आणि प्यायची की नाही हे ज्याचे त्याने बघावे, गावाने त्यात नाक का खुपसावे? असे बोलणारा माणूस बहुधा त्या गावचा नसतो आणि देशी दारूच्या दुकानाला लागून त्याचे घर तर नसतेच नसते. ते असो. त्याच्या मुद्द्यांत तथ्य आहे की नाही, एवढेच पाहू.

आधी नियम काय आहे ते सांगतो, कारण त्यावर मते देणाऱ्या पुष्कळांनी तो वाचलेला नसतो. राज्य सरकारच्या २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, दारू दुकान बंद करण्याची लेखी मागणी केली तर प्रशासनाने सह्यांची पडताळणी करून गुप्त मतदान घ्यायचे असते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही एका नजरेत कळावे, इतके ते सोपे आहे. महाराष्ट्राच्या कारभारात इतकी सुबोध सरकारी छपाई दुसरी मला आठवत नाही.

या मतदानाचा दिवस एकदा जवळून पाहावा. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, महसूल खात्याची माणसे, टेबलावर मतदार यादी, बाहेर पोलीस. रोजंदारी बुडवून आलेल्या बायका रांगेत उभ्या. यातल्या कित्येकींनी विधानसभेला घरचा माणूस सांगेल त्या चिन्हासमोरचे बटण दाबलेले असते. इथे घरचा माणूसच बहुतेक वेळा वादाचा विषय असतो, त्यामुळे त्याला विचारायचे कारण उरत नाही. त्याआधीचा सह्यांच्या पडताळणीचा दिवस मात्र याहून कठीण असतो. अर्जावर सही करणाऱ्या बाईला साहेबांसमोर उभे राहून ‘ही सही माझीच’ असे सांगावे लागते. तिचा दीर दुकानात नोकरीला असेल, किंवा दुकानदाराकडून नवऱ्याने उचल घेतली असेल, तर ‘माझी नाही’ असे म्हणायचा निरोप तिला आदल्या रात्रीच मिळालेला असतो. मतदान गुप्त आहे, मागणी गुप्त नाही. या पेचातून जी जाते तिला आपल्याकडे ‘पुढे केलेली बाई’ म्हणायची पद्धत आहे.

आता आक्षेप. पहिला व्यक्तिस्वातंत्र्याचा. आडव्या बाटलीने कोणाचे पिणे बंद होत नाही, एक परवाना बंद होतो. पिणारा शेजारच्या गावी जाऊन पिऊ शकतो, आणि जातोही. परवाना हा काही कोणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणात १९९४ मध्येच स्पष्ट केले आहे की दारूचा धंदा करणे हा मूलभूत हक्क ठरत नाही. सरकार परवाना देऊ शकते, रोखू शकते, त्यावर अटी घालू शकते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. नाव बदलून तो आजही लागू आहे आणि त्याच कायद्याखाली सरकार दारूचे परवाने वाटते. दुकान शाळेपासून किती अंतरावर हवे हे सरकार ठरवते, तेव्हा कोणाला स्वातंत्र्याचा संकोच दिसत नाही. ज्या वस्तीत ते दुकान उघडायचे तिथल्या बायकांनी मत दिले की मात्र तो दिसू लागतो.

दुसरा आक्षेप चोरट्या दारूचा. तो खरा आहे आणि तो झटकून टाकणारे कार्यकर्ते आपलेच नुकसान करून घेतात. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती आणि त्या काळात तिथे चोरून दारू येत होती, विकली जात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चंद्रपूरचा दाखला देताना लोक अर्धीच गोष्ट सांगतात. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून बायका पायी नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर गेल्या. जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले. समिती नेमली गेली, अहवाल आला, सरकार बदलले, आणि मग बंदी आली. म्हणजे मागणी गावागावांतून आली, पण तिला उत्तर मिळाले ते अख्ख्या जिल्ह्याला एकाच हुकमाने. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती बंदी उठली. ती उठवताना त्या ५८८ ग्रामपंचायतींना पुन्हा एकदा विचारावे, असे कोणालाही वाटले नाही. बंदी ठेवणे शहाणपणाचे होते की उठवणे, यावर वाद घालता येईल. ठराव करायला वर्षे आणि मोडायला एक दुपार, यावर कसला वाद घालायचा?

आडवी बाटली याच्या नेमकी उलट जाते. ती जिल्ह्याला काही सांगत नाही, आपल्या वेशीच्या आतले बघते. ज्या गावाने स्वतः मत देऊन दुकान घालवले, त्या गावाला चोरट्या धंद्यावर नजर ठेवण्यात रस असतो, कारण निर्णय त्याचा आहे. हातभट्टी कुठल्या ओढ्याकाठी लागते, प्लास्टिकच्या पिशव्या कोणाच्या गोठ्यातून निघतात, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते बीटच्या जमादाराला. पोलिसांनी त्यांचे काम केले नाही म्हणून मतदारांनी त्यांचे काम करू नये, हा न्याय मला तरी समजत नाही. चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीला परवाना द्या, असे कोणी म्हणत नाही.

आपल्या बाजूच्या लोकांनाही इथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. दारूबंदीच्या चळवळीत दंडुक्याची परंपरा आहे. राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून बडवले जाई, आणि त्या गावाचे गुणगान करताना ही गोष्ट आपण कौतुकाने सांगत आलो. अजूनही कुठे भट्ट्या फोडल्या, कुठे पिणाऱ्याची धिंड काढली, की टाळ्या पडतात. मला हे मान्य नाही. मतपेटी हाताशी असताना मारहाणीचे समर्थन करणाऱ्याने मतपेटीचे गोडवे गाऊ नयेत.

तिसरा आक्षेप जरा सभ्य कपड्यांत येतो. लोकप्रतिनिधी निवडून दिले आहेत ना, मग परवान्यासारख्या बारीकसारीक गोष्टींसाठी लोकांना परत परत कशाला विचारायचे? १८८० मध्ये जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि शहरात दारूची दुकाने वाढवण्याला त्यांनी लेखी हरकत घेतली होती. प्रतिनिधी तसा असला तर आक्षेपाला थोडे वजन येते. पण ते सदस्यही निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. त्यांचे ऐकायचे की नाही हे साहेबाच्या मर्जीवर होते. आज प्रतिनिधी निवडलेले आहेत, मात्र परवाना देण्याचा अधिकार उत्पादन शुल्क विभागाकडे, म्हणजे ज्या खात्याचे यश गोळा झालेल्या महसुलावर मोजले जाते त्याच्याकडे. आमदार विधानसभेत प्रश्न विचारतो, मंत्री ‘तपासून पाहू’ म्हणतो. सरकारने एकदा दिलेली गोष्ट सामान्य मतदारांनी हो किंवा नाही म्हणून थेट परत घ्यायला लावावी, अशी सोय या राज्याच्या कारभारात फार थोड्या ठिकाणी आहे. त्यातली ही एक आहे, आणि दारूपेक्षा मला हीच गोष्ट मोठी वाटते.

उरला तो बहुसंख्यांच्या दंडेलीचा मुद्दा. इथे नियमातले गणित बघा, म्हणजे दंडेली कोणाची ते कळेल. दुकान बंद व्हायला पडलेल्या मतांचे बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. समजा एका गावाच्या यादीत १००० बायका आहेत. मतदानाला ६०० आल्या. त्यातल्या ४८० जणींनी आडवी बाटली निवडली, १२० जणींनी उभी. ८० टक्के मते दुकानाच्या विरोधात, आणि निकाल? दुकान चालू. कारण ५०१ भरले नाहीत. ज्या ४०० आल्या नाहीत त्यांचे मौन दुकानदाराच्या पदरात पडले.

त्या ४०० जणी कोण, हेही विचारा. लग्न होऊन सासरी गेलेल्या पण नाव यादीतच राहिलेल्या मुली. ऊसतोडीला गेलेल्या. मुंबई-पुण्याला कामाला असलेल्या. अंथरुणाला खिळलेल्या. आणि मेलेल्या, होय, मेलेल्यांची नावे वेळेत निघत नाहीत हे प्रत्येक तलाठ्याला माहीत आहे. या सगळ्या उभ्या बाटलीच्या मतदार ठरतात. दुकानदाराला प्रचार करायचे कारणच नाही. बायकांनी घरी बसावे एवढी व्यवस्था केली की झाले.

हाच निकष आमदारांना लावून बघू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले, आणि ते गेल्या कित्येक निवडणुकांपेक्षा बरे होते. एवढ्या मतदानात नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्यांची मते मिळवायची तर उमेदवाराला पडलेल्या दर चार मतांतली तीनहून अधिक मते खेचावी लागतील. या कसोटीला विधानसभेतले किती सदस्य उतरतील याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या मतदारसंघापुरता करावा. कायदे करणारा माणूस पडलेल्या मतांत पहिला आला की निवडून येतो, आणि कोपऱ्यावरचे देशी दुकान हलवायला मात्र यादीचे बहुमत लागते.

शहरांत तर हा नियम कागदावरच राहतो. मुंबईत महापालिकेच्या एका प्रभागात सरासरी ४५ हजार मतदार असतात, म्हणजे वीस हजारांवर बायका. पाच हजारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, आणि मग दहा हजारांहून अधिक आडवी मते, तीही एका बारसाठी. सगळे पक्ष, सगळा पैसा आणि सुट्टीचा दिवस जमेला असतानाही तिथे महापालिकेच्या निवडणुकीला निम्म्याहून थोडेच अधिक लोक बाहेर पडतात.

यावर उत्तर असे मिळते की निर्णय गंभीर आहे, तेव्हा अट कडक हवी. अट असावी, मी नाही म्हणत नाही. दहा-वीस बायकांनी येऊन दुकान बंद करावे असे मलाही वाटत नाही. महिला मतदारांपैकी निदान एकतृतीयांश मतदान झाले पाहिजे असे ठरवा, हवे तर ४० टक्के ठरवा. पण त्यानंतर निकाल पडलेल्या मतांवर लागावा. मतदानापूर्वी त्या गावापुरती यादी ताजी करून घ्यावी, मेलेल्यांना आणि सासरी गेलेल्यांना त्यातून मोकळे करावे. अर्ज आणि मतदान यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यायचे याला मर्यादा हवी, कारण रेंगाळणारा प्रत्येक महिना दबावाला कामी येतो. सह्यांची पडताळणी एकेकीला बोलावून एकांतात व्हावी, दारात दुकानदाराची माणसे उभी असताना होऊ नये. आणि बंद झालेला परवाना वेशीबाहेर दोनशे पावलांवर पुन्हा उघडायला मनाई असावी.

हे सगळे केल्यावरही काही गावे उभी बाटली निवडतील. निवडोत. तो कौलही मी मानेन, आणि दारूबंदीवाल्यांनीही तो निमूटपणे मानला पाहिजे.

महिला मेळावे, महिला धोरण, बहिणींसाठी योजना यांवर या राज्यात कोणताच पक्ष मागे नाही. तेव्हा पुढच्या वेळी मते मागायला कोणी दारात आले तर त्याला एवढेच विचारा, की आडव्या बाटलीचा निकाल पडलेल्या मतांवर लावायला तुमची तयारी आहे का. २००८ चा नियम सरकारच्या आदेशाने आला आहे. तो बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही. सरकारचा दुसरा आदेश पुरतो.