थ्रस्ट : एका शब्दाचा प्रवास आणि आपला ‘रेटा’

१/ ‘थ्रस्ट’ या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता? हा प्रश्न वरवर कोशाचा वाटतो. माझ्या मते तो इतिहासाचा आहे. जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला हा शब्द. मूळ अर्थ साधा : जोराने ढकलणे, खुपसणे. पुढे तो कुठे कुठे पोहोचला ते पाहू.

२/ प्रथम रणांगण. रोमन लेखक वेजेशियस सांगतो की, रोमन सैनिकाला तलवारीच्या धारेने वार करण्याऐवजी टोकाने भोसकण्याचे शिक्षण दिले जाई. दोन इंच आत गेलेले टोकही प्राणघातक ठरते. इंग्रजी अनुवादात इथे ‘थ्रस्ट’ येतो. मराठीत इथे ‘भोसकणे’च हवे. ‘रेटा’ चालणार नाही.

३/ मग रंगभूमी. १५९९ साली लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या ग्लोब नाट्यगृहाचा मंच प्रेक्षकांत पुढे घुसलेला होता. तिन्ही बाजूंनी माणसे. अशा मंचाला आज ‘थ्रस्ट स्टेज’ म्हणतात. इथे ढकलणारे कोणी नाही, उरला आहे तो केवळ पुढे येण्याचा भाव.

४/ सर्वांत रंजक कथा स्कॉटलंडच्या डोंगरांतली. वायव्य हायलँड्समध्ये जुने खडक वर आणि नवे खाली, असा उलटा क्रम दिसतो. मर्चिसन या मातब्बर भूवैज्ञानिकाने तो क्रम सरळच मानला. जेम्स निकोल यांनी विरोध केला. पण अधिकार मर्चिसनकडे होता. निकोल १८७९ मध्ये वारले, तोवर त्यांचे म्हणणे मान्य झालेले नव्हते.

५/ पुढे लॅपवर्थ यांनी, तसेच पीच आणि हॉर्न यांनी तो प्रदेश पायांखाली घातला. जुने खडक प्रचंड दाबाने मैलोगणती सरकून नव्यांवर चढले होते. मर्चिसनचे पाठीराखे आर्चिबाल्ड गायकी तेव्हा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख होते. १८८४ मध्ये ‘नेचर’मधून त्यांनी चूक जाहीरपणे मान्य केली, आणि या सरकपृष्ठांना नाव दिले ‘थ्रस्ट-प्लेन’.

६/ माझा मुद्दा इथेच आहे. नव्या शोधाला नाव देताना गायकी लॅटिन-ग्रीककडे धावले नाहीत. बाजारात, गर्दीत, भांडणात वापरला जाणारा शब्द त्यांनी उचलला. हिमालयातील ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’ हे नाव त्याच शब्दाचा वारसा सांगते.

७/ अग्निबाणाचेही तेच. १६ मार्च १९२६ रोजी गॉडर्ड यांचा द्रवइंधनाचा पहिला अग्निबाण जेमतेम अडीच सेकंद उडाला. वायू मागे फेकला जातो, त्याच्या प्रतिक्रियेने बाण पुढे जातो. त्या बलाचे नाव पुन्हा ‘थ्रस्ट’.

८/ आपला हात मात्र अशा वेळी प्रथम संस्कृतकडे जातो. हिंदी परिभाषेने ‘प्रणोद’ निवडला. शब्द सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मराठी शाळेतल्या मुलाला तो समजावताना शिक्षक अखेरीस म्हणणार, “म्हणजे रेटा!” मग आरंभच तिथून का नसावा? रेटारेटी, रेटून नेणे, लोकमताचा रेटा : हा शब्द त्या मुलाच्या अंगवळणी पडलेला आहे.

९/ आक्षेप येईल की, बोलीतले शब्द सैल असतात. असतात, ‘थ्रस्ट’ही सैलच होता. काटेकोरपणा शब्दाच्या कुळातून येत नाही, तो व्याख्येतून येतो. बल, दाब आणि रेटा यांच्या व्याख्या एकदा नीट केल्या की गोंधळ उरत नाही.

१०/ म्हणून माझे मत : तलवारीला ‘भोसकणे’, मंचाला ‘पुढे आलेला’, खडकाला आणि अग्निबाणाला ‘रेटा’. इंग्रजीच्या एका शब्दाला मराठीचे तीन लागले, यात उणेपणा नाही. उणेपणा आहे तो घरचा शब्द शास्त्राच्या उंबऱ्याबाहेर थांबवण्यात. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत. गायकींप्रमाणे चूक मान्य करण्याची तयारी आहे.