भरतीसाठी तपासणी होते, संसारासाठी का नाही?

नशिराबाद, जळगाव, भुसावळ या पट्ट्यातली बरीच मुलं सैन्यात किंवा निमलष्करी दलात जायची तयारी करतात. पहाटे उठून धावणं, लेखी परीक्षा आणि शेवटी मेडिकल. या मेडिकलमध्येच काहींना पहिल्यांदा एक शब्द ऐकायला मिळतो: व्हेरिकोसील. हा दोष निघाला की उमेदवार अनफिट ठरू शकतो. मग घरचे पैसे जमवतात, सर्जन गाठतात, ऑपरेशन करून घेतात. नोकरीचा प्रश्न असतो, म्हणून कुणी लाजत नाही.

हाच दोष एखाद्या शादीशुदा माणसाला असेल आणि तीन-चार वर्षं पाळणा हलला नसेल, तर काय होतं? तपासणी होते ती सुनेची. सोनोग्राफी तिची, तावीज तिला, दर्ग्यावर मन्नत तिच्या नावाची. नवऱ्याची साधी वीर्य तपासणी करायची म्हटलं तर घरात सन्नाटा पसरतो. आपल्या समाजाने विचार करावा असा हा फरक आहे.

आजार नेमका काय?

अंडकोषातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात, जशा काहींच्या पायावर फुगतात. शिरेतल्या झडपा नीट चालत नाहीत, रक्त साचतं. बहुतेकदा हे डाव्या बाजूला होतं. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. साचलेल्या रक्ताने तिथली उष्णता वाढते आणि शुक्राणूंची संख्या, हालचाल बिघडू शकते. साधारण 100 पुरुषांत 15 जणांना हा दोष असतो. ज्यांना मूल होत नाही अशा पुरुषांत हे प्रमाण 35 ते 40 पर्यंत जातं. म्हणजे दोष असूनही अनेकांना मुलं होतात, घाबरायचं कारण नाही. पण मूल होत नसेल तर आधी बघावं अशा कारणांपैकी हे एक आहे, आणि त्यावर इलाज आहे.

खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्यात कुणी बेकरीच्या भट्टीवर, कुणी वेल्डिंगवर, कुणी ट्रकच्या केबिनमध्ये. उन्हाने व्हेरिकोसील होत नाही, पण सततची उष्णता, तंबाखू आणि गुटखा शुक्राणूंचं नुकसान वाढवतात.

मर्दानगीचा गैरसमज

लोक दोन गोष्टी एक करतात. मूल न होणं वेगळं, नामर्दी वेगळी. व्हेरिकोसील असलेल्या बहुतेक पुरुषांच्या पती-पत्नी संबंधात काही अडचण नसते. काहींना उभं राहिल्यावर जडपणा किंवा ठणका जाणवतो. काहींमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी होऊन इच्छा मंदावते. कायदाही हा फरक मानतो. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात पतीची नपुंसकता हे फस्खचं एक कारण आहे, शुक्राणू कमी असणं नाही.

या गैरसमजावर भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींचा धंदा चालतो. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला 1954 च्या जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याने बंदी आहे, तरी पाट्या दिसतातच. जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर उलटच काम करतात: शरीर फुगतं आणि शुक्राणू तयार होणं थांबतं.

ओझं बाईच्याच डोक्यावर

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारणाचा काही तरी भाग पुरुषाकडे असतो. तरी 'दुसरा निकाह करून टाक' हा सल्ला आधी येतो. दोष नवऱ्यात असेल तर दुसरीच्या आयुष्याचंही तेच होणार. हा तिच्यावरही जुलूम आहे.

औलाद देणं न देणं अल्लाहच्या हातात, हे आपण मानतो. हजरत जकरिया (अलै.) यांनी म्हातारपणी औलादसाठी स्वतः दुआ मागितली, बीवीला दोष देत बसले नाहीत. आणि इलाज करणं तवक्कुलच्या विरोधात नाही, हे आपल्याला मिंबरवरून अनेकदा सांगितलं गेलं आहे.

करायचं काय?

वर्षभर प्रयत्न करून मूल राहिलं नाही तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी. बीवीचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. वीर्य तपासणी दोन ते सात दिवसांच्या परहेजनंतर करतात, आणि एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत. नमुना कसा द्यायचा या शरई अडचणीमुळे अनेक जण मागे हटतात. घरी बीवीसोबत, तपासणीसाठीच्या खास निरोधातून नमुना घेऊन तासाभरात लॅबला देता येतो. साधा निरोध चालत नाही. शंका असेल तर मुफ्ती साहेबांना विचारा, पण तपासणी टाळू नका.

मग डॉक्टर उभं करून हाताने तपासतात, गरज पडली तर डॉप्लर सोनोग्राफी. हाताला लागणारा व्हेरिकोसील, बिघडलेला वीर्य रिपोर्ट आणि मूल होत नसणं, या तिन्ही गोष्टी असतील तर ऑपरेशनचा विचार होतो. फक्त सोनोग्राफीत दिसला म्हणून कापाकापी नको. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून फरक दिसायला तीन ते सहा महिने. बऱ्याच जणांचा रिपोर्ट सुधारतो, पण मूल होईलच ही हमी कुणी देऊ शकत नाही. फक्त उजवीकडे फुगलं असेल, किंवा आडवं पडूनही सूज जात नसेल, तर पोटाचीही तपासणी करून घ्या. अचानक असह्य दुखलं तर तासभरही थांबू नका.

नशिराबादहून जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लांब नाही. जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. सून डॉक्टरकडे निघाली की घरातल्या मोठ्यांनी एकच प्रश्न विचारावा: मुलाचा रिपोर्ट कुठे आहे?