ओझे कुणाचे हलके केलेत?

मा. उर्सुला फॉन डेअर लायन,
अध्यक्षा, युरोपीय आयोग, ब्रसेल्स

महोदया,

पुरवठादारांच्या कारखान्यांत काय चालते याची जबाबदारी युरोपीय कंपन्यांवर टाकणाऱ्या कायद्याचे आपण ‘सुलभीकरण’ केलेत, त्याबद्दल अभिनंदन. जुलै २०२४ मध्ये अमलात आलेला हा कायदा एक हजारांहून जास्त कर्मचारी आणि ४५ कोटी युरोंहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी होता. शाई वाळते न वाळते तोच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आयोगाने तो दुरुस्तीला काढला. डिसेंबरात तडजोड झाली ती पाच हजार कर्मचारी आणि दीडशे कोटी युरोंवर. मुदत २०२७ वरून २०२९ वर गेली. हवामान आराखड्याची सक्ती गेली, पीडितांना भरपाई मागण्यासाठी असलेली युरोपभरची समान तरतूदही गेली. आकडे संसदेने आणि सदस्य देशांनी वाढवले, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण कायदा पुन्हा उघडला तो आपण, आणि भरपाईची तरतूद तर आपल्याच मसुद्यात गळाली होती.

ब्रँडच्या स्वेच्छेवर सोडले की काय होते, हे आपल्याला ठाऊक नसेल असे मानणे उद्धटपणाचे ठरेल. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज होते. कारखान्याचा मुख्य ग्राहक जर्मन होता, आणि सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काही आठवड्यांपूर्वीच मिळाले होते. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. तिथल्या काही कारखान्यांचीही ऑडिटे झालेली होती. त्यानंतर तीन आठवड्यांत जो ‘अकॉर्ड’ झाला, तो ब्रँडनी कामगार संघटनांबरोबर केलेला, कायद्याने बांधणारा करार होता. तपासण्या झाल्या, अग्निरोधक दारे बसली, खांब मजबूत झाले. सुरक्षा कारखान्याला परवडेल अशाच अटींवर व्यवहार करण्याचे बंधन त्यात खरेदीदारावर होते. खरा फरक इथेच होता. प्रमाणपत्रे आधीही भरपूर होती.

दबाव फक्त पुरवठादारावर आला तर काय होते, ते तमिळनाडूतल्या तिरुपूरला विचारा. नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने नासली म्हणून शेतकरी कोर्टात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुमारे सातशे डाइंग-ब्लीचिंग युनिटे बंद केली. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट पाळल्याशिवाय ती उघडणार नव्हती. निकाल योग्यच होता. पण प्रक्रियेचा खर्च प्रोसेसरच्या माथी आला, आणि स्वस्त माल शोधणाऱ्या खरेदीदाराला दुसऱ्या गावाची, दुसऱ्या देशाची वाट मोकळीच राहिली. २०२० च्या साथीत तर बांगलादेशातल्या सुमारे ११५० कारखान्यांच्या तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी रद्द किंवा स्थगित झाल्या, कित्येक ठिकाणी कापड कापून झाल्यावर. पुढे बऱ्याच परतही आल्या. मधल्या काळात बुडालेल्या मजुरीचा तोटा कुणी सोसला, हे सांगायला नको.

युरोपच्या स्पर्धाक्षमतेचे कारण आपण देता. पाच हजार माणसांच्या कंपनीला पेलणारे काम दोन हजारांच्या कंपनीला का पेलत नाही, याचे उत्तर मात्र कुठे दिसत नाही. आमच्याकडचा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे नियम म्हणजे पर्यावरणाच्या नावाने घातलेली आडकाठी आहे, असे निर्यातदार म्हणतात. कापूस कुठून आला याचा पुरावा द्यायचा तर अडचण अशी, की विदर्भातल्या दोन-चार एकरवाल्याचा कापूस जिनिंगमध्ये शंभर जणांच्या कापसात मिसळतो. तो वेगळा ठेवण्याचे पैसे कोण देणार? इचलकरंजीच्या प्रोसेसरचाही प्रश्न हाच. पण हा आक्षेप खर्चाच्या वाटणीवर आहे, म्हणून तो नियम ढिला करण्याच्या बाजूने वापरता येत नाही. मूळ कायद्यात कंपन्यांनी आपल्या खरेदीच्या पद्धतीही बदलाव्यात, असे होते. हे कलम जितक्या कमी कंपन्यांना लागू, तितका आमचा पुरवठादार एकटा.

आता खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यातल्या कराराची नमुना कलमे तरी आयोगानेच द्यायची आहेत. त्यात सांडपाण्यावरच्या प्रक्रियेचा खर्च किमतीत धरण्याची आणि कापड कापल्यावर ऑर्डर रद्द केल्यास पूर्ण पैसे देण्याची अट घाला. तेवढ्यासाठी कुठल्याही मतदानाची गरज नाही.