पंगत एक, घास आपापला

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि चौविहार पाळणाऱ्या घरांतील संध्याकाळ अगदी आखूड होऊन जाते. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी भुसार मालाची आडत असलेल्या एका एकत्र कुटुंबात या दिवसांत चारच्या ठोक्याला चूल पेटते. आजींना कंदमूळ वर्ज्य, आणि तिथीला हिरवी भाजीही चालत नाही. थोरल्या सूनबाईंचा चौविहार, धाकट्यांचा तिविहार. दुकानातील पुरुषमंडळी गल्ला मोजता मोजता एकेक करून येतात आणि घड्याळाकडे पाहत चार घास पोटात ढकलतात. मुलांना शिकवणीहून आल्यावर निराळेच काही हवे असते. एका चुलीवर तीन स्वयंपाक होतात; जेवायला मात्र दोन माणसेही एका वेळी बसत नाहीत.

पुण्याच्या वसतिगृहातून सुट्टीसाठी आलेला नातू एके दिवशी सहज बोलून गेला, "आई, तिथं आम्ही दहाजण एका टेबलाशी बसतो. इथं घर भरलेलं असून मी एकटाच जेवतो." तक्रारीचा सूर नव्हता, तरीही थोरल्या सूनबाईंच्या मनाला ते वाक्य लागले. टाको करून पाहण्याची कल्पना त्याचीच. आजींनी विचारले, "कशाचं असतं ते?" मक्याच्या पोळीचे, हे उत्तर ऐकून त्या हसल्या. मक्याची पोती या घराने आयुष्यभर मोजली होती. पण तो माल जायचा कोंबडीखाद्याच्या आणि स्टार्चच्या कारखान्यांकडे. घरात मका यायचा तो फार तर पावसाळ्यात भाजलेल्या कणसाच्या रूपाने.

मेक्सिकोत मात्र मका म्हणजेच अन्न. रानटी गवतापासून मक्याचे पीक माणसाने सुमारे 9000 वर्षांपूर्वी घडवले, ते त्याच देशाच्या नैर्ऋत्य भागातील बाल्सास नदीच्या खोऱ्यात. मका, घेवड्याच्या जाती आणि भोपळा ही तीन पिके एकाच शेतात घेण्याची तेथील रीत फार जुनी आहे. त्या शेताला मिल्पा म्हणतात. मक्याचे ताट वेलाला आधार देते, घेवडा जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची पाने ओल धरून ठेवतात. आपला राजमा, टोमॅटो, मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडाकडची. पोर्तुगीजांच्या काळापासून ती आपल्याकडे येत गेली आणि इतकी रुळली की मिरचीला परदेशी म्हणावे तर कोणी विश्वास ठेवणार नाही. 2010 साली युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाककला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्याच्या मुळाशी हा मकाच आहे.

मक्याची तेथील पातळ पोळी म्हणजे तोर्तिया. ती तव्यावर भाजायची, हातावर घ्यायची, मधोमध सारण ठेवून दुमडायची, की टाको झाला. डब्यातून मिळणारे कुरकुरीत अर्धचंद्राकार कवच हे अमेरिकेतील विसाव्या शतकातले रूप. मेक्सिकोच्या रस्त्यावरचा टाको मऊ असतो. तेथील बहुतेक टाकोंत मांस असते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण भोपळ्याच्या फुलांचा, निवडुंगाच्या कोवळ्या पानांचा, भाजून सोललेल्या मिरच्यांच्या पट्ट्यांचा, घोटलेल्या घेवड्याचा टाकोही तितकाच अस्सल आहे, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत तेथे बिनमांसाच्या टाकोंना मोठी मागणी असते. विक्रेता सारण भरून देतो. पुढची चटणी, लिंबू, कोथिंबीर ज्याची त्याने आपल्या हाताने घ्यायची. आपल्या घरांना उपयोगी पडते ती नेमकी हीच रीत. सारणे निरनिराळ्या वाट्यांत मांडली की एकाच्या नियमाचा भार दुसऱ्याच्या ताटावर पडत नाही.

पोळीपासून सुरुवात करावी, कारण फसते ती तिथेच. आपल्या गिरणीतील मक्याच्या पिठाची पातळ पोळी लाटू जाता कडा फाटतात. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, साल काढतात आणि मग ओलाच वाटतात. चुन्यामुळे दाण्याचे आवरण सुटते आणि पिठाला चिकटपणा येतो. शिवाय मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपने मका उचलला पण ही क्रिया मागेच ठेवली. परिणामी उत्तर इटलीसारख्या भागांत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या छळले. माल घेतला आणि तो वापरण्याची विद्या घेतली नाही, की काय होते याचे हे उदाहरण व्यापाऱ्यांच्या घरात तरी सहज समजावे.

रात्रभर भिजलेले धान्य ज्या घरात चालत नाही, तिथे सोपा मार्ग असा: दोन वाट्या मक्याचे ताजे दळलेले पीठ, एक वाटी कणीक, चवीपुरते मीठ, चमचाभर तेल. कढत पाणी थोडे थोडे घालून उलथन्याने ढवळावे, हाताला सोसेल इतके निवाले की मळून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. लिंबाएवढ्या गोळ्या करून, जाड प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पुरीपेक्षा किंचित मोठ्या लाटाव्यात. या पिठाच्या अठरा ते वीस होतात, सहा माणसांना पुरतात. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर पोळी वाळते आणि दुमडताना मोडते. भाजलेल्या पोळ्या लगेच सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, आपल्याच वाफेने त्या मऊ राहतात. ज्यांना कुरकुरीत हवे त्यांनी पोळी पुन्हा तव्यावर तेलाच्या थेंबावर दुमडून दाबावी. आणि तेवढाही वेळ नसेल तर घरचा खाकरा आहेच. सपाट कडक तोर्तियावर सारण पसरून खाण्याची पद्धत मेक्सिकोतही आहे, तिला तोस्तादा म्हणतात. खाकऱ्यावर राजमा पसरला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

राजमा एक वाटी पुरे. सकाळी कढत पाण्यात भिजत घातला तर दुपारपर्यंत शिजण्याजोगा होतो. भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये अगदी मऊ शिजवावा. अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो, तो केवळ जड असतो म्हणून नव्हे, तर त्यातील एक विषारी घटक खळखळ उकळल्याशिवाय नष्ट होत नाही म्हणून. तेलात जिरे आणि सढळ हाताने हिंग, मग टोमॅटोचा रस, लाल तिखट, धणेपूड, चिमूटभर सुंठ. राजमा अर्धा घोटावा, अर्धा अख्खा ठेवावा. कांदा-लसणाची उणीव हिंग आणि भाजलेले जिरे पुष्कळ भरून काढतात. दुसरे सारण कच्च्या केळ्याचे: उकडून, बारीक फोडी करून, तिखट-मिठावर परतलेले, बटाट्याची आठवणही होत नाही. तिसरे पनीरचे, ढोबळी मिरचीच्या पट्ट्यांसह.

चटणीसाठी टोमॅटो तव्यावर काळे डाग पडेतो भाजून, सोलून, हिरवी मिरची, मीठ आणि लिंबासह जाडसर वाटावेत. अव्होकाडो मिळाला तर तो मीठ, लिंबू, मिरची व कोथिंबीर घालून नुसता काट्याने ठेचावा. फळ महाग आहे, एकच आणावे.

त्या घरातील पहिल्या संध्याकाळी सारे काही असे मांडून झाले होते. सव्वापाच वाजले होते, दुकानातून थोरला मुलगा वेळेवर आला होता, सतरंजीवर मधोमध वाट्या होत्या. नातवाने पाहिलेल्या रीतीप्रमाणे राजम्यावर घालण्यासाठी फेटलेल्या चक्क्याची एक वाटीही होती. आजींनी राजमा घेतला, ती वाटी पुढे आली आणि त्यांचा हात थांबला. "दही कच्चंच आहे ना? मग हे द्विदल झालं."

कोणी काही बोलले नाही. दोन दळांच्या कडधान्याशी न तापवलेल्या दूध-दह्याचा संयोग टाळायचा, हा नियम त्या घराने कढी करताना कधी चुकवला नव्हता. दही तापवल्याखेरीज त्यात बेसन पडत नसे. परक्या पदार्थाच्या वेळी मात्र तो कोणाच्याच ध्यानात आला नाही. थोरल्या सूनबाईंचा चेहरा उतरला. चार तासांच्या खटपटीनंतर सासूबाई कोरडी पोळी खाऊन उठणार, आणि पुन्हा प्रत्येकजण आपापल्या वेळी जेवू लागणार, हे त्यांना दिसू लागले.

वाट आजींनीच काढली. चक्क्याची वाटी त्यांनी उचलून केळ्याच्या आणि पनीरच्या सारणांकडे सरकवली. मका आणि गहू धान्ये आहेत, केळे फळभाजी, तिथे दह्याला अडचण नाही. चमचे मात्र वेगळे ठेवायला लावले. राजम्याकडे टोमॅटोची चटणी आणि अव्होकाडो. दोन बाजूंच्या मध्ये पोळ्यांचा डबा. धाकट्या सूनबाईंनी पुढच्या खेपेसाठी काजू भिजवून वाटण्याचे सुचवले, म्हणजे राजम्यालाही मलईसारखी वाटी मिळेल. काजू द्विदलात धरावा की नाही, यावर दिरांनी थोडा वाद घातला. आजींनी, महाराजसाहेब गावात येतील तेव्हा विचारू, म्हणून तो मिटवला.

बाजारच्या वस्तूंविषयीही अशीच सावधगिरी हवी. चीज आणताना ते कोणत्या रेनेटने जमवले आहे ते वेष्टनावर पाहावे. ते प्राण्यांच्या जठरापासून काढलेलेही असते, जंतुजन्यही असते. केवळ हिरव्या ठिपक्यावर न थांबता घटकांची यादी वाचलेली बरी. टाकोच्या तयार मसाल्यात कांदा-लसणाची पूड जवळजवळ हमखास सापडते. बरणीतील हालापेन्यो मिरच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या असतात. त्याऐवजी ताजी कमी तिखट मिरची चिरून, मीठ-लिंबू लावून तेवढ्यापुरती घ्यावी. बांधीव तोर्तियांच्या पाकिटांवर टिकण्याचा काळ महिन्यांत लिहिलेला असतो. ज्या घरात सकाळची पोळी दुसऱ्या दिवशी बाशी ठरते, त्या घराला ती कशी चालावीत?

अष्टमी-चतुर्दशीला मांडणी आणखी साधी होते. कोथिंबीर, टोमॅटो, केळे, लिंबू सारे बाजूला. राजम्यात आंबटपणासाठी आमचूर, वर भाजलेले तीळ, भाजलेल्या पापडाचा चुरा. मुलांची तक्रार येते ती पहिल्या दिवशी. पापडाचा चुरा पाहिला की ती बंद होते.

वेळेचे गणित या पदार्थाने हलके केले, हे त्या घरातील बायकांनी लवकरच ओळखले. सारणे दुपारी होतात, पोळ्या साडेचारला. वाढायला कोणी उभे राहावे लागत नाही, त्यामुळे भाजणारी बाईही शेवटची पोळी उतरवून सर्वांबरोबर बसते. थोरल्या सूनबाई कित्येक महिन्यांनी गरम जेवल्या. ज्या दिवशी हंगामाची आवक मोठी असते आणि दुकान सोडता येत नाही, त्या दिवशी दुकानावर डबा जातो: फडक्यात पोळ्या, तीन लहान डब्यांत सारणे. आडतीच्या गादीवर बसून टाको दुमडणाऱ्या मालकाकडे हमालांनी पहिल्या दिवशी टक लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी मालकाने त्यांच्यासाठीही दहा पोळ्या जास्त मागवल्या.

सुट्टी संपवून नातू पुण्याला परतला. मांडणी चालूच राहिली; आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी. गिरणीत दळलेले पीठ कडवट लागते अशी आजींची तक्रार होती, तेव्हा आजोबांनी गोदामातल्या पोत्यात पारखी खुपसली, दाणे तळहातावर घेतले, एक दाणा दाताखाली धरून ओल पाहिली आणि तो माल घरासाठी नको म्हणाले. नव्या हंगामाच्या मक्याची पाच किलोंची पिशवी त्यांनी वेगळी बांधून घरी पाठवली आहे. आजींनी ती ओसरीवर ओतली, चष्मा लावला आणि किडका दाणा न् दाणा वेचून काढायला बसल्या.