भूतान पाहिला, औंध राहिले

दिवाळी जवळ आली की सांगली-साताऱ्याकडील मध्यमवर्गीय घरांतून सहलींची बोलणी सुरू होतात. पूर्वी या बोलण्यात अष्टविनायक, गोंदवले किंवा फार तर काशी-रामेश्वर असे. आता सिंगापूर, दुबई, श्रीलंका आणि अलीकडे विशेषकरून भूतान असतो. यात गैर काहीच नाही. देशाटनाला आपल्या परंपरेने शिक्षणाचेच अंग मानले आहे, आणि आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर चार ठिकाणे पाहिली तर त्याचा आनंदच वाटावा. प्रश्न जाण्याचा नाही. परत येताना आपण काय घेऊन येतो, एवढाच आहे.

प्रस्तुत लेखकही अशाच एका सहलीत सहकुटुंब भूतानला जाऊन आला. सांगली, मिरज आणि साताऱ्याची मिळून बावीस मंडळी होती. बागडोगऱ्यापर्यंत विमान, तेथून जयगावमार्गे फुन्तशोलिंगची वेस, आणि पुढे सहा रात्रींचा मुक्काम : थिंफू, पुनाखा, फोबजिखाचे खोरे आणि पारो. डोंगर, नद्या, मठ, तेरा पारंपरिक कलांचे शिक्षण देणारी शाळा, कड्याला बिलगलेला तक्त्सांगचा मठ असे सर्व यथासांग पाहून झाले. हा मठ १९९८ साली आगीत भस्मसात झाला होता. भूतानी कारागिरांनी काही वर्षांतच तो जसाच्या तसा पुन्हा उभा केला, हे कळल्यावर चढणीने आलेला थकवा उतरला.

परंतु मनावर ठसली ती स्थळे नव्हेत. ठसली ती शिस्त. भूतानने बाहेरच्या जगाला दार उघडले ते १९७४ साली, आणि तेही किलकिले. येणाऱ्याने मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीसाठी शुल्क द्यायचे, हा तेथला नियम. भारतीयांना पूर्वी त्यातून सूट होती. २०२२ साली महासाथीनंतर सीमा पुन्हा उघडल्या तेव्हापासून आपल्यालाही प्रौढामागे दर रात्री १,२०० रुपये भरावे लागतात. आमच्यापैकी काहींनी निघण्यापूर्वी याबद्दल कुरकुर केली होती. तेथे पोहोचल्यावर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही, कारण पैसा कशासाठी घेतला जातो ते डोळ्यांना दिसत होते. देशाचा किमान साठ टक्के भूभाग सदैव वनाच्छादित राहील, असे बंधन २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेतच आहे, आणि प्रत्यक्षातले वन त्याहून अधिक आहे. उंच पर्वतशिखरांना देवतांचे स्थान मानून त्यांनी गिर्यारोहणच बंद केले आहे. फोबजिखाच्या खोऱ्यात हिवाळ्यात तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. त्यांच्या उड्डाणात अडथळा नको म्हणून तेथे विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. त्या खोऱ्यात आम्ही बावीस जण अक्षरशः कुजबुजत चाललो. मुलांच्या हातातील चिवड्याचे रिकामे पाकीट वाऱ्याने उडाले, तेव्हा त्यामागे धावणारे आजोबा मी पाहिले.

परतीच्या आदल्या रात्री शेकोटीपाशी आमच्या मार्गदर्शकाने एक साधा प्रश्न विचारला. गुडघ्यापर्यंतचा पारंपरिक 'घो' नेसलेला तो पंचविशीतला तरुण स्वच्छ हिंदी बोलत असे. सहा दिवस त्याने आपल्या देशाविषयी आम्हाला सांगितले होते. आता त्याने विचारले, "तुमच्या मुलखात पाहण्यासारखे काय आहे?"

क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग कोणी महाबळेश्वराचे नाव घेतले, कोणी हळदीचे, कोणी भडंगाचे, कोणी कंदी पेढ्यांचे. एकाने तर "पुण्याला या, तेथे बरेच काही आहे" असे सांगून मोकळे केले. पदवीधर, द्विपदवीधर माणसे होतो आम्ही. मीही त्यांतलाच. सांगलीत साठ वर्षे काढली, आणि औंधला शेवटचा गेलो तो शाळेच्या सहलीत.

आपलाही एक छोटा देश होता

हिशेब करून पाहावा. भूतानचे क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून साधारण १९ हजार, म्हणजे त्याच्या निम्मे. लोकसंख्या मात्र उलटी. भूतानची आठ लाखांच्या आत, तर आपल्या दोन जिल्ह्यांची २०११ च्या जनगणनेनुसार ५८ लाखांवर. या भूमीवर १९४८ पर्यंत एक नव्हे, अनेक छोटी राज्ये नांदत होती : औंध, फलटण, जत, सांगली, मिरज. त्यांतील औंध तर पाचशे चौरस मैलांच्या आसपासचे, तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे.

या चिमुकल्या संस्थानाने काय केले? बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. सूर्यनमस्कार त्यांनी राजवाड्यातून शाळाशाळांत नेला आणि पुस्तके लिहून जगभर पोहोचविला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांचे प्रोत्साहन आणि अर्थसाहाय्य लाभले. पंडित सातवळेकरांनी वेदांच्या अभ्यासाचा संसार मांडला तो औंधातच. बेळगावहून कारखाना हलविण्याची पाळी लक्ष्मणराव किर्लोस्करांवर आली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलच्या माळावर जागा दिली. १९१० साली त्या खडकाळ, निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३८ साली मूळपीठाच्या डोंगरावर, यमाईच्या पायाशी, श्रीभवानी संग्रहालय बांधून झाले. तेथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि बालक'ही आहे. दगडात कोरलेले हे शिल्प पाहण्यासाठी अभ्यासक दूरदेशांहून येतात; आपण पुसेगाववरून पुढे निघून जातो.

सर्वांत मोठी गोष्ट १९३९ सालची. पुत्र अप्पासाहेब पंत, भारताला आपले मानणारे पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन आणि सेवाग्रामहून मार्गदर्शन करणारे गांधीजी यांच्या साहाय्याने बाळासाहेबांनी संस्थानाला घटना दिली आणि आपली सत्ता ग्रामपंचायतींपासून वर उभ्या राहणाऱ्या लोकसभेच्या हाती सोपविली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंती नसलेला हा तुरुंग. तेथे बंदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करतात. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची कथा लिहिणारे गदिमा त्याच माणदेशाचे आणि कथेची प्रेरणा स्वतंत्रपूरची, हे कितीजणांच्या मुलांना ठाऊक आहे?

भूतानने राजसत्ता आपणहून मर्यादित करून २००८ साली लोकशाही आणली, याचे कौतुक आम्ही तेथे ऐकले आणि माना डोलावल्या. आपल्या उंबऱ्याशी हेच एकोणसत्तर वर्षे आधी घडले होते, हे सांगणारा आमच्यात कोणी नव्हता.

कासवरचा धडा

एक कबुली येथे द्यायलाच हवी. भूतानच्या सहलीनंतरच्या सप्टेंबरात आम्ही काही जण कासच्या पठारावर गेलो. साडेआठशेहून अधिक वनस्पतींच्या जातींचे हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. कातळावर बोटभर माती आणि तीवर काही आठवड्यांचा फुलोरा, एवढेच त्याचे आयुष्य. तेथेही आता शुल्क आहे, रोजच्या संख्येवर मर्यादा आहे, आणि आसपासच्या गावांची समिती राखण करते. आखलेल्या वाटेवरून चालताना छायाचित्राच्या नादात मी स्वतः दोन पावले फुलांत टाकली. "काका, मागे या, पुढच्या वर्षी इथं काही उगवायचं नाही," असे राखणीला असलेला गावातील मुलगा शांतपणे म्हणाला. फोबजिखात कुजबुजत चाललेला मीच तो. परमुलखात पाहुणा म्हणून संकोचाने पाळलेली शिस्त घरी आल्यावर गळून पडली होती. आपलेच आहे, मग कोण विचारतो, ही ती वृत्ती. जे आपले आहे त्याची अधिक काळजी घ्यावी, हा खरा अर्थ. आपण नेमका उलटा लावला आहे.

भूतानचे सारेच अनुकरणीय आहे, असेही नव्हे. १९८९ पासून तेथे एकच वेश आणि एकच रीत सर्वांवर लादण्याचा आग्रह वाढला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दक्षिण भूतानमधील नेपाळी भाषा बोलणाऱ्या, बहुतांशी हिंदू असलेल्या सुमारे एक लाख लोकांना देश सोडावा लागला. वर्षानुवर्षे ते नेपाळमधील छावण्यांत राहिले आणि २००७ नंतर त्यांतील बहुतेक अमेरिकेत व इतरत्र वसले. सहलीत हा अध्याय कोणी सांगत नाही. स्वत्व जपावे, पण ते जपताना घरातील माणूस बेघर होऊ नये, हा धडाही त्याच भूमीने दिला आहे. आपल्या मुलखाची रीत वेगळी आहे. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कारागिरांची घराणी वाळलेल्या भोपळ्यांतून सतार आणि तानपुरा घडवीत आली, आणि त्या तानपुऱ्यांच्या सुरांवर देवळादेवळांतून भजने झाली. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, तो मान साऱ्या मिरजेचा आहे.

चार दिवस द्या

म्हणून सुचवावेसे वाटते की, येत्या वर्षी एक सहल आपल्याच मुलखाची काढावी, आणि तीही परदेशी सहलीसारखी : आधी वाचून, दिवस आखून, सोबत जाणता माणूस घेऊन. पहिला दिवस साताऱ्याचा : संगम माहुली, सज्जनगडावरील समर्थांची समाधी आणि हंगाम असेल तर कास. दुसरा दिवस सगळाच्या सगळा औंधला, यमाईला आणि संग्रहालयाला. तिसरा दिवस माणदेशातून आटपाडीकडे. चौथ्या दिवशी कुंडल, किर्लोस्करवाडी आणि सागरेश्वर. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड टेकड्यांवर माणसांनी लावून वाढविलेले ते अरण्य आहे. सायंकाळी मिरजेत एखाद्या कारागिराच्या ओट्यावर बसावे आणि सांगलीत गणपतीचे दर्शन घ्यावे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले ते याच गावी, हे मुलांना सांगावे. शेवट हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर.

खर्च भूतानच्या काही अंशानेही येणार नाही. शिधा बरोबर घ्यावा, कचरा परत आणावा आणि जेथे गावकरी राखण करतात तेथे शुल्क आनंदाने द्यावे. शाखांनी, वाचनालयांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी हे सहज करता येईल. मुलांना मात्र अवश्य न्यावे. उद्या तीच मुले परदेशी जातील. तेथे एखाद्या शेकोटीपाशी कोणी त्यांना त्यांच्या मुलखाविषयी विचारील, तेव्हा त्यांनी भडंगापाशी थांबू नये.